भिंतीवरची काठी

३ जून

प्रिय खारूताई,

हे नाव आता तुला चालतं की नाही, ठाऊक नाही. भुशाच्या ढिगात लपून बसायचीस आणि केसांत छिलके घेऊन जेवायला यायचीस, तेव्हापासूनचं आहे. दुसरं काही लिहायला हात वळत नाही.

सहा वर्षं तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. काल आपला पॉलिशवाला तुमच्याकडे जाऊन आला. म्हणाला, "तुमची मुलगी आता स्वतः करवतीच्या टेबलावर उभी राहते. सकाळी नऊला मशीन सुरू म्हणजे सुरू. धाकटे नुसते स्टुलावर बसून बघतात. काय हात बसलाय पोरीचा! तुमच्यावर गेलीय." मी विचारलं, "मशीन कोणतं? हिरवं?" तो म्हणाला, "तेच की, आपलंच." मी कप बशीत ठेवला आणि पत्रासाठी कागद शोधायला उठलो. त्याला वाटलं, मला आनंद झाला.

म्हणून चार गोष्टी लिहितो. धाकट्यानं शिकवलंय म्हणजे नीटच शिकवलं असणार, माझा भाऊ आहे तो. तरी सांगणं हे बापाचं काम आहे.

पात्याच्या रेषेत उभी राहू नकोस, डावीकडे सरकून राहा. लाकूड उलटं आलं तर रेषेतल्या माणसाच्या पोटात बसतं, बाजूला असलीस तर भिंतीवर जातं. अरुंद तुकडा हातानं ढकलायचा नाही, काठीनंच ढकलायचा. बाह्या वर दुमडून घे. हातमोजे तर मुळीच नकोत, पातं मोज्यासकट हात ओढून घेतं. खाली पडलेला तुकडा पातं पूर्ण थांबल्याशिवाय उचलू नकोस.

आजोबांची भिंत आठवते ना? काठी खिळ्याला टांगून त्यांनी तिच्याभोवती लाल रंगाची रेघ ओढली होती. काठी काढली की रेघेच्या आत रिकामी जागा दिसायची. स्विचला हात लावण्याआधी वळून भिंत बघायची, हा दुकानाचा कायदा. "भिंत रिकामी, तर हात भरलेला." पाढ्यांच्या आधी तुला हे पाठ होतं. तिथं भिंतीवर रेघ आहे का? नसली तर आजच ओढ.

मला एक अजून कळलेलं नाही. वाटणीत धाकट्यानं तेच मशीन का मागितलं? ज्यानं आपली तीन बोटं खाल्ली ते मशीन कुणी डोळ्यांसमोर ठेवील? मी म्हणत होतो, ते भंगारात घालतो, तू रंधा मशीन घे, पुढची जागा घे. हट्टालाच पेटला. सगळे म्हणाले, दुखण्यानं डोकं फिरलंय.

मशीन आता फार जुनं झालं आहे. काढून टाका ते. धाकट्याला हे पत्र दाखवलंस तरी हरकत नाही. किंवा राहू दे, नको दाखवूस.

तुझे
बाबा


११ जून

प्रिय खारूताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चाललोही नव्हतो.

पार्सलात एक फणी पाठवली आहे. काल दिवसभर बसून केली. सागाचा तुकडा चांगला होता, दाते एकसारखे पडले आहेत. लाकूड जिला टेकवून सरकवतेस त्या गाईडपट्टीसमोर टेबलाला घट्ट आवळायची, दाते लाकडाच्या जाण्याच्या दिशेनं तिरके. लाकूड पुढे जातं, पण मागे यायला निघालं की दाते अडवतात आणि पट्टीला चिकटवून धरतात. एक लक्षात ठेव, ती पात्याच्या अलीकडे लावायची. पात्याच्या समोर लावलीस तर चिरलेला भाग आवळला जाईल आणि भलतंच होईल.

तुझ्या आईनं खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "पोरीला पत्र लिहिताय की मशीनबरोबर येतं ते माहितीपत्रक?" तिला काय जातं हसायला. मी म्हटलं, आमच्यात असंच बोलतात. तिनं फडक्यानं टेबल पुसलं आणि म्हणाली, "तुमच्यात मुळात बोलतातच कुठे?"

परवा तुमच्या दुकानात फोन लावला होता. धाकट्यानं उचलला. मागे मशीन चालू होतं, लाकूड चिरल्याचा तो चढता आवाज येत होता. तो दोनदा "हॅलो" म्हणाला. मी ठेवून दिला. लाइन खराब होती. खोटं कशाला लिहू, लाइन चांगली होती.

तू माझ्यावर का रागावून गेलीस ते मला माहीत आहे. मी चारचौघांत त्याला निष्काळजी म्हणालो. हात फडक्यात गुंडाळलेल्या माणसाला असं म्हणू नये, हे मान्य. पण काठी भिंतीवर होती. पॉलिशवाल्यानं पाहिली, तपासनिसानं पाहिली, तू स्वतः पाहिलीस. मी वेगळं काय म्हणायला हवं होतं? आणि तो तरी काही बोलला का? मान खाली घालून बसला. बोलण्यासारखं असतं तर बोलला नसता का?

पुरे. फणी लाव. आणि शक्यतो या महिन्यात जाड लाकूड चिरायला घेऊ नकोस.

बाबा


२२ जून

प्रिय खारूताई,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं, अजून 'ळ' ला गाठ मारतेस. कार्डावर चारच ओळी होत्या, त्या मी इतक्यांदा वाचल्या की आता बघून लिहायची गरज नाही. "फणी मिळाली. परवा लाकूड उलटं आलं आणि मागच्या भिंतीवर आपटलं, पोपडा उडाला. कापलेल्या कडा काळ्या पडतात, जळका वास येतो. असं का होत असेल, बाबा?"

बाबा असं लिहिलंस. बरं वाटलं.

तू बाजूला उभी होतीस ना? भिंतीवर आपटलं म्हणजे बाजूलाच असणार. शहाणी आहेस.

आता कारणं. एक तर लाकूड ओलं असेल. वखारवाले हल्ली न वाळवलेलं खपवतात, बाहेरून कोरडं लागतं आणि आत ओल असते. असं लाकूड चिरताना मिटतं आणि पात्याला आवळतं, त्यानं जळतं. दुसरं, पात्याची धार गेली असेल. डिंक चिकटला असेल तर रॉकेलनं पुसून घे. तिसरं, गाईडपट्टी पात्याला समांतर नसेल. पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजून बघ, मागचं अंतर केसभरही कमी असता कामा नये. ही तीन बघ. यातलंच एक असणार.

दोन-चार दिवस मशीन बंद ठेवलंस तर बरं. हातकरवत आहे की. तुझ्या पणजोबांनी अख्खी हयात हातकरवतीवर काढली, कुणाचं काही अडलं नाही. शाळेच्या बाकांची ऑर्डर मोठी आहे, असं पॉलिशवाला म्हणत होता. उशीर झाला तर शाळा काही पळून जात नाही. घाई नडते, बेटा. या धंद्यात घाईइतकं काहीच नडत नाही.

आज जेवण गेलं नाही. आई विचारत होती काय झालं. म्हटलं, पित्त झालं.

बाबा


१ जुलै

प्रिय खारूताई,

मी एक ठरवलं आहे. ते मशीन मला परत द्या. त्याच्या बदल्यात मी नवं पाठवतो, झाकणासकट, सगळ्या सोयींचं. पात्याला बोट लागलं की आपोआप थांबतं, असंही आता निघालंय म्हणतात. टेम्पो मी करतो, हमाल मी देतो. धाकट्याला सांग, दादा म्हणतोय. नाहीतर तूच ठरवलंस असं सांग.

गेल्या आठवड्यात मी स्टँडवर आलो होतो. तुमच्या बसचं तिकीट काढलं, खिडकीजवळ बसलोही. कंडक्टरनं घंटी मारली तसा उतरलो. तिथं येऊन दारात काय म्हणणार होतो?

रोज नऊला घड्याळाकडे बघतो. सवयच लागली आहे. आई म्हणते, "कुणाची गाडी यायचीय?"

कालच्या तुझ्या कार्डावर एकच ओळ होती. "बाबा, या मशीनबद्दल मला सांगायला हवं असं काही आहे का?" हा कसला प्रश्न? जुनं मशीन आहे, सगळ्यांना माहीत आहे तेवढंच मला माहीत आहे. नाही, काही नाही. काय असणार?

काठी घेतल्याशिवाय उभी राहू नकोस. तेवढं केलंस की काही होत नाही.

बाबा


१४ जुलै

खारूताई,

हे पत्र उभ्यानं वाचत असशील तर खाली बस. मशीन बंद आहे ना? मी हे लिहितो आहे तेव्हा आई बाहेरच्या खोलीतून तुला फोन लावते आहे. तिचा तू उचलतेस. मशीन बंद ठेव एवढंच ती सांगेल. बाकीचं मी लिहायचं, असं तिनं सांगितलं आहे.

परवा ती खण आवरत होती. तेलकट फडक्यात गुंडाळलेली एक पोलादी पट्टी तिला सापडली, तळहाताएवढी, चंद्रकोरीसारखी वाकडी. "हे काय?" म्हणाली. मी म्हटलं, जुना सुटा भाग. जेवताना तिनं ती पट्टी माझ्या ताटाशेजारी ठेवली. काल पुन्हा ठेवली. आजही.

खाई त्याला खवखवे. दीड महिना ताकाला जाऊन भांडं लपवतोय. आता लिहितो.

पात्याच्या मागे जी पट्टी उभी असते, ती. चिरलेलं लाकूड मागे मिटून पात्याला आवळू नये म्हणून असते. तुमच्या मशीनवर आहे ती खरी पट्टी नाही. तो पत्रा आहे. जुन्या कपाटाच्या दाराचा मी कापलेला, हिरवा रंग मारलेला.

अपघाताच्या आदल्या दिवशी धाकटा बाहेरगावी होता. मी दारांना खाचा पाडत होतो, त्यासाठी ती पट्टी काढावी लागते. काढली आणि कुठं ठेवली ते आठवेना. दुपारभर शोधली. माल दुसऱ्या दिवशी जायचा होता. पट्टीशिवाय मशीन पाहिलं असतं तर धाकट्यानं हात लावला नसता, तो तसाच आहे. म्हणून पत्रा कापला. रंग वाळायला फार वेळ लागला नाही. सकाळी तो आला तेव्हा मी काही बोललो नाही. एक दिवस निभेल, असं वाटलं.

अकराच्या सुमारास तो जाड फळी चिरत होता. मी दारात होतो. फळी निम्म्याच्या पुढे गेली आणि मागे मिटली, पत्रा कागदासारखा वाकला. फळी उलटी आली आणि तिच्यावर ठेवलेला त्याचा डावा हात पात्यावर गेला. उजव्या हातात काठी होती. होती, खारूताई. भिंत रिकामी होती.

तो पडला. काठी घरंगळत माझ्या पायाशी आली. टोकाला पात्यानं तिचा घास घेतला होता. मी आधी मशीन बंद केलं. मग त्याच्याकडे जायला हवं होतं. मी काठी उचलली, सदऱ्याला पुसली आणि खिळ्याला टांगली, चावलेली बाजू भिंतीकडे करून. मग ओरडलो. मग तुम्ही सगळे आलात.

परवाना माझ्या नावावर होता. दुकान बंद झालं असतं, कदाचित मी आत गेलो असतो. हे सगळं मी त्या दोन पावलांत विचार करून केलं असं म्हणणार नाही. हातानंच केलं. पण पत्रा संध्याकाळी ठोकून सरळ केला, तो विचार करून केला. तपासनिसानं हिरवा रंग पाहिला आणि पुढे गेला. धाकट्याला घेरी आली होती, त्याला ते मिनिट आठवत नसावं. माझं म्हणणं त्यानं खरं धरलं.

खरी पट्टी सहा महिन्यांनी फळ्यांच्या थप्पीखाली सापडली. तोवर मशीन तुमच्याकडे गेलं होतं. तेव्हाच पाठवायला हवी होती. पाठवली असती तर का पाठवली ते सांगावं लागलं असतं.

आता पाठवतो आहे. काठीही पाठवतो आहे, टोक बघ म्हणजे कळेल. पत्रा काढ, पट्टी लाव, दोन्ही बोल्ट घट्ट कर. धाकट्याला हे पत्र दाखव. मला काय म्हणायचं ते म्हण. तुझ्या हातांना काही झालेलं नसू दे, एवढंच मागतो.

बाबा


२१ जुलै

बाबा,

पार्सल मिळालं. माझी दहाही बोटं जागेवर आहेत, हे आधी लिहिते.

तुमचा पत्रा या मशीनवर नाही. इथं आलो त्याच आठवड्यात काकानं तो काढला आणि नवी पट्टी करून बसवली. काकाला घेरी आली ती नंतर, आम्ही आल्यावर. पडला तेव्हा तो शुद्धीत होता. तुम्ही काठी पुसलीत ते त्यानं जमिनीवरून पाहिलं, टांगलीत तेही पाहिलं. बोलला नाही. म्हणतो, "हात गेलाच होता. दादाचं दुकान कशाला घालवायचं?" वाटणीत मशीन का मागितलं, तेही आता ऐका. त्या पत्र्यापुढे आणखी कुणी उभं राहू नये म्हणून. तुम्हीसुद्धा.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमचं पहिलं पत्र आलं त्या दिवशी त्यानं सांगितलं. फणी आली तरी मी त्याच्याशी भांडतच होते. म्हटलं, काठीचं खरं असेल, माणूस घाबरतो. पण बाबांना पत्रा माहीत असता तर त्यांनी मला एक दिवसही तिथं उभं राहू दिलं नसतं. पत्र लिहीत बसले नसते, धावत आले असते. काका फणीचे दाते मोजत बसला.

म्हणून मी ते कार्ड लिहिलं. लाकूड उलटं आलं नव्हतं. कडा काळ्या पडल्या नव्हत्या. काका नको म्हणत होता, मीच हट्टानं लिहिलं. मला त्याला दाखवायचं होतं की तो चुकतोय. मी पोस्टमनची वाट बघत दारात उभी राहायचे. तुमचं उत्तर आलं, लाकूड ओलं असेल. तरी मी म्हटलं, एकदा सरळ विचारते. तुम्ही लिहिलंत, काही नाही, काय असणार.

तोवरची तुमची चारही पत्रं मी समोर घेऊन बसले. काठी आहे, फणी आहे, बाह्या, मोजे, गाईडपट्टी, डिंक, रॉकेल, सगळं आहे. मागची पट्टी एकदाही नाही. मी नऊ वर्षांची असताना मशीनवरची पहिली गोष्ट तुम्ही मला तीच दाखवली होतीत.

काठी काकाला दिली. त्यानं त्या खुणेवर अंगठा ठेवून पाहिला. मग आमच्या लाल रेघेशेजारी दुसरा खिळा ठोकून ती टांगली, चावलेली बाजू बाहेर करून. तुमचा पत्रा सोबत पाठवते. रंग अजून शाबूत आहे. खणात पट्टीची जागा रिकामी झालीच आहे, तिथं ठेवा.

काका म्हणतो, शेवटी लिहिलं ना, सोडून दे. बोटं त्याची गेली, तो सोडू शकतो. मला जमत नाही. तीन जूनपासून चौदा जुलैपर्यंत, तुमच्या समजुतीप्रमाणे, मी रोज सकाळी त्या पत्र्यापुढे उभी राहत होते. रोज नऊला घड्याळाकडे बघता, असं तुम्हीच लिहिलंत. बेचाळीस वेळा बघितलंत, बाबा.